ज्याचा त्याचा दगड

माझं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत पेढे नेले. आमच्या मुख्याध्यापकांनी पेढा हातात घेतला, कशाचा म्हणून विचारलं, आणि मी लाजत लाजत सांगितल्यावर म्हणाले, "कशावरून?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते खरोखरच विचारत होते. मुलगा बघून गेला, होकार आला, सुपारी फुटली, असं सगळं मी क्रमाने सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला. "मग ठरलं म्हणायला हरकत नाही," असंही वर म्हणाले. माझे यजमान आजही रागावले की मला "कशावरून?" म्हणतात आणि माझा राग आणखी वाढवतात.

सूर्यमाळच्या अलीकडे, उतारावरच्या एका पाड्यावर आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. दोन खोल्या, एक ओटी, चार इयत्ता आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी त्यांची. मी जव्हारची, नुकतं डी.एड. झालेली, मोखाड्याला खोली घेऊन राहणारी. पाठ टाचण वेळेवर, फळा स्वच्छ, अभ्यासक्रम महिन्याच्या महिन्याला पुरा, असा माझा खाक्या. आणि नशिबाने जोडीला मिळाले हे. मुलं त्यांना गुर्जी म्हणत, मी सर म्हणे. मनातल्या मनात काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पन्नाशीचे, उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत खडू-डस्टर सोडून जगातलं काहीही निघे. सलाईनच्या नळ्या, सुया काढून उकळलेल्या इंजेक्शनच्या नळ्या, सायकलची वाल्व ट्यूब, संपलेले सेल, फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक. मोखाड्याच्या बाजारात ते खाली मान घालून फिरत. भाजीकडे बघत नसत, जमिनीकडे बघत. एकदा एका भाजीवालीने कळवळून विचारलं की गुर्जी, काय हरवलं? तर हे म्हणाले, अजून सापडलं नाही.

शाळेला लागूनच त्यांची खोली होती. बायको-मुलं नाशिकला. बाई सुट्टीत येत, खोली झाडून सगळा पसारा ओहोळाच्या कडेला टाकून देत आणि परत जात. त्यांची पाठ वळली की सर तो पसारा दोन फेऱ्यांत परत आणत. बाईंची तक्रार मी ऐकलेली आहे. "इथं कचरा वेचायचा पगार मिळतो यांना," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी अगदी मनापासून मान डोलावली होती.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली की मुलांनी घरी जायचं, अशी जगभर रीत आहे. आमच्याकडे शाळा सुटली की मुलं ओटीवर येऊन बसत, कारण शनिवारी 'खटपट' असे. हे नाव सरांनीच दिलेलं. पिशवी ओटीवर उपडी करायची, एक प्रश्न टाकायचा आणि बाजूला व्हायचं. रांजणातलं पाणी रांजण न हलवता बाहेर काढा. ओहोळातल्या वाळूतून लोखंड काढून दाखवा. शाळेच्या पत्र्यावर न चढता पत्रा किती उंच आहे ते सांगा. मग दोन-दोन तास नुसता गोंधळ. मुलं भांडत, भिजत, हात कापून घेत, आणि सर ओटीच्या खांबाला टेकून, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. खटपटीत मोठ्या माणसाने कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. एखाद्या पोराची नळी निसटत असली आणि मी पुढे झाले, की ते घसा खाकरत. तो खाकरा मला शाळेच्या घंटेपेक्षा जास्त ऐकू आला असेल.

मी पुष्कळ भांडले. मार्चमध्ये, बाया खालच्या डवऱ्यातून, ओहोळाच्या वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीने पाणी भरत असताना, यांच्या पोरांनी सलाईनच्या नळीने अख्खा रांजण रिकामा केला तेव्हा तर मी रडायच्या बेतात आले होते. सरांनी शांतपणे मला ओटीखाली नेऊन दाखवलं. घागरी, हंडे, तांबे, सगळे काठोकाठ भरून रांगेत ठेवलेले. सांडलं नव्हतं. मग तेच पाणी पोरांनी परत रांजणात भरलं. एवढा उपद्व्याप कशासाठी, असं मी विचारलं. नळीतून पाणी आधी वर चढतं आणि मग खाली उतरतं, हे त्यांनी आता कुणाच्या बापाला विचारायला नको, असं उत्तर मिळालं.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. चहा झाल्यावर रिवाजाप्रमाणे म्हणाले, शाळा छान आहे. सर काही बोलायच्या आत तिसरीतलं एक पोरगं म्हणालं, "कशावरून?" माझ्या हातातली बशी पडायची राहिली. सरांनी साहेबांना खाली बसवलं. एक जाड आणि एक बारीक, अशा इंजेक्शनच्या दोन नळ्या सलाईनच्या नळीने जोडलेल्या, आत पाणी. जाड नळीचा दट्ट्या साहेबांच्या अंगठ्याखाली दिला, बारीक नळीचा त्या पोरग्याच्या. आता दाबा. साहेब दाबत राहिले, लाल झाले, आणि त्यांचा दट्ट्या मागे मागे येत राहिला. ते पोरगं आरामात दाबत होतं. शेरा चांगला लिहून झाल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, ही जोडी घरी न्यायला मिळेल का? त्यांचा मुलगा चौथीत होता. सरांनी पिशवीत हात घालून दुसरी जोडी काढून दिली.

असे होते ते. मी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला असं काही नाही. पण हळूहळू मीही शनिवारी लवकरची जीप पकडायची सोडून थांबायला लागले होते, एवढं खरं.

आता तराजूचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होणार नाही.

भात झोडून झालं होतं. पाड्यावरची बरीच माणसं वीटभट्टीवर गेलेली, घरोघरी म्हातारी माणसं, काही आया आणि पोरं. खटपटीत त्या शनिवारी कावडीची काठी आणि दोन टोपल्या होत्या. पोरांनी काठी ओटीच्या वाशाला मधोमध टांगली आणि जे दिसेल ते तोलायला सुरुवात केली. पाट्या, भोपळा, माझी पर्स, शेवटी एक कोंबडी. तिसरीत बुधी नावाची मुलगी होती. तिच्या कडेवर कायम तिचा धाकटा भाऊ असे. लहानू त्याचं नाव, वर्षाचा असेल नसेल. तिचे हात मोकळे होईनात, म्हणून तिने त्याला टोपलीत ठेवलं. दुसऱ्या टोपलीत पोरांनी ओहोळातला दगड ठेवला. काठी समतोल झाली आणि लहानू झोके घेत हसायला लागला.

सर खांबाला टेकून बघत होते. त्या दिवशी घसा खाकरला नाही, काही नाही. दोन-चार वर्षांमागे जवळच्याच वावर-वांगणीची लेकरं कुपोषणाने गेली होती. जव्हारात आमच्या घरासमोरून तेव्हा मंत्र्यांच्या मोटारींची रांग लागलेली मी पाहिली होती. आमच्या पाड्यावर अंगणवाडी नव्हती, ती ओहोळापलीकडच्या मूळ गावात. सर एवढंच म्हणाले, "प्रत्येक लेकराला त्याचा त्याचा दगड शोधा."

मग तोच उद्योग झाला. घरात लहान भावंडं असलेल्या प्रत्येक पोराने ओहोळातून स्वतः दगड शोधला, कमी पडलं तिथे खडे फडक्यात बांधून जोडले, दगडावर गेरूने खूण केली. महिन्यातून एका शनिवारी लेकरू आणि दगड समोरासमोर. लेकराची टोपली खाली गेली की लेकरू जिंकलं. मग खडे वाढवून दगड त्याच्या बरोबरीला आणायचा, पुढच्या महिन्याला तो नवा दगड. दगडाची टोपली खाली गेली, तर दगड जिंकला.

आयांची एकच अट होती. दगड शाळेत ठेवायचा नाही. बुधीची आई सरांना स्पष्ट म्हणाली, "लेकराचं वजन दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायचं, गुर्जी? कुनाची नजर पडंल." मला हसू आलं. सरांना आलं नाही. बरोबर आहे, ज्याचा दगड त्याच्या घरी, असं म्हणून त्यांनी ती अट मान्य केली.

पहिल्या महिन्याला दोन-तीन लेकरं हरली. त्यांत लहानू होता. सर काही वाईट बोलले नाहीत. संध्याकाळी त्या घरी जाऊन सांगून आले की पेजेत मूठभर शेंगदाणे कुटून घाला, अंडं विकू नका, दिवसातून आणखी एकदा भरवा. पण जी लेकरं जिंकली, त्यांना त्यांनी पावसाची टाळी दिली. एका बोटाने हळू, मग दोन, मग तीन, मग पूर्ण हात, अशी वाढत जाणारी. सगळी शाळा ती टाळी वाजवायची आणि त्या लेकराचं भावंड मध्ये उभं राहून लाजायचं. बुधी त्या दिवशी लहानूला उचलून कोपऱ्यात जाऊन बसली, हे मी पाहिलं होतं. पोरीला वाईट वाटलं असेल, एवढंच मनात आलं.

पुढच्या महिन्याला सगळी जिंकली. त्याच्या पुढच्या महिन्यालाही. सरांना मोठ्याने हसताना मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिलं. शेंगदाण्याचा गुण, असं ते मला तीनदा म्हणाले. त्यांनी स्वतःला "कशावरून?" असं एकदाही विचारलं नाही.

लहानू वाचला, हे आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टी टांगून ठेवलेल्या मला आवडत नाहीत.

एका गुरुवारी बुधी माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाली की बाई, जरा याला धरा, मी पाणी पिऊन येते. मी लहानूला उचललं. उचलताना जेवढा जोर लावायला हवा तेवढा मी लावला, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा भसकन वर आला. मांड्यांची कातडी सैल पडलेली, अंग कढत, डोळे कुठेतरी लागलेले. पाच दिवसांपूर्वी याच्यासाठी आम्ही पावसाची टाळी वाजवली होती.

मी त्याला घेऊन सरांच्या वर्गात गेले. लहानू हलका झालाय, असं सांगितलं. ते फळ्यावर लिहीत होते. न वळता म्हणाले, "कशावरून?"

"हातावरून," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी जे सुनावलं त्याचा मला आजही राग येतो. हाताला काय कळतं, हात थकलेला असला की जड लागतं, ताजा असला की हलकं लागतं, म्हणून तर माणसाने तराजू केला. शनिवारी सगळ्यांसमोर तोललाय. मी म्हटलं, सर, तुम्ही याला उचलून बघा. खटपटीतल्या वस्तूला आपण हात लावत नाही, असं ते सवयीने बोलून गेले. मी म्हटलं, ही वस्तू नाही. आणि लहानूला त्यांच्या हातात ठेवूनच दिलं.

त्यांनी त्याला हातांवर हळूच तोलून पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी बुधीला दगड आणायला पाठवलं. तिने आणला. गेरूची खूण होती, फडक्यातले खडे होते, सगळं जिथल्या तिथे. सरांनी लहानूला माझ्याकडे दिलं आणि तो दगड उचलला, एका हाताने. काही महिन्यांमागे पोरांनी पहिल्यांदा लहानूला तोललं, तेव्हाचा दगड ओहोळातून ओटीवर आणताना बुधीला दोन्ही हातांनी पोटाशी धरावा लागला होता. तो हा नव्हता. इतके महिने दगड त्यांच्यासमोर टोपलीत पडत होते आणि त्यांनी एकाही दगडाला हात लावला नव्हता.

ते बुधीसमोर उकिडवे बसले. ओरडले नाहीत. खरा कुठे आहे, असं विचारलं. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "त्याला टाळी कुनी वाजवत नव्हतं, गुर्जी."

आम्ही तिच्या घरी गेलो. आई चुलीपाशी होती, बाप भट्टीवर. सर तिला समजावून सांगायला लागले की लेकराला जव्हारच्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"पोऱ्या सुकतोय ह्ये मला दिसत व्हतं, गुर्जी. म्हनलं न्यावा दवाखान्यात. मंग शाळंत टाळी वाजली. म्हनलं, मंग बरा असंल."

लहानूला स्वतःच्या शर्टाआड घेऊन सर फाट्यापर्यंत चालत गेले, मागे त्याची आई. मी शाळेत थांबले, बुधीला माझ्याजवळ बसवून. शुक्रवारी जव्हारहून माझ्या भावाने जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला. सलाईन लावलंय, ताप उतरतोय, तुमचे सर दवाखान्याच्या पायरीवर बसून आहेत, जेवायला या म्हटलं तर आले नाहीत.

शनिवारी पहिल्या एसटीने सर परत आले. दाढी वाढलेली, शर्टावर लहानूला नेतानाचे डाग तसेच. महिन्याचा तोलायचा शनिवार तो नव्हता, तरी खटपट म्हणून पोरं ओटीवर जमलेली होती. सरांनी काठी आणली. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी वाशाला बांधली, टोपल्या लावल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कारण गुर्जींचा हात खटपटीत त्यांनी कधी बघितला नव्हता.

मग ते खाली, पोरांच्यात बसले. लहानूला सलाईन लावलंय, तो बरा होईल, हे आधी सांगितलं. आणि म्हणाले, "टाळी वाजवली ती माझी चूक. दगड जिंकला म्हणून कुणी हरत नाही. दगड जिंकला तर आपल्याला वेळेवर कळतं, एवढंच. आता टाळी नाही. आता फक्त खरं काय ते बघायचं."

कुणी हललं नाही. बुधी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली आणि उतारावरून खाली पळत सुटली. मला वाटलं रडायला गेली. मी मागे निघाले तर सरांनी हाताने थांबवलं.

थोड्या वेळाने ती चढण चढून परत येताना दिसली. दगड तिने कडेवर घेतला होता, लहानूला घ्यायची तसाच, एका बाजूला झुकून. सरांच्या पुढ्यात तिने तो ठेवला.

"ह्यो खरा," ती म्हणाली. "चुलीमागं व्हता."

सरांनी दोन्ही हातांनी तो दगड उचलून टोपलीत ठेवला. शाबास म्हटलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, काही नाही. टोपली खाली गेली आणि तिथेच राहिली.

मग चौथीतला एक मुलगा उठला. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. तो चप्पल न घालताच घराकडे निघाला. त्याच्यामागे एक मुलगी गेली. मग दोघे भाऊ गेले. ओटी हळूहळू रिकामी होत गेली, आणि सर टोपलीकडे बघत बसून राहिले.

मी ओटीच्या कडेला उभी होते. पाड्याच्या सगळ्या वाटांनी पोरं वर येत होती. कुणी डोक्यावर, कुणी पोटाशी धरून, कुणी कडेवर. येत होती आणि आपला दगड सरांच्या पुढ्यात ठेवून मागे सरकत होती. गेरू पुसट झालेले, कुठे काजळी लागलेले, कुठे शेणकुटाचा चुरा चिकटलेले. शेजारी प्रत्येकजण तो दुसराही ठेवत होता, इतके दिवस शाळेत आणून लेकराच्या बरोबरीला आणलेला.

सरांनी एकेक जोडी उचलली. खरा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात. जिथे फरक जाणवला नाही तो दगड त्यांनी मागे सारला. जिथे खरा जास्त जड लागला, तो पुढे ठेवला आणि पोराला एवढंच सांगितलं की जा, तुझ्या भावाला घेऊन ये, आईलाही सांग. पुढच्या रांगेत दगड वाढत गेले. मला तिथे उभं राहवेना.

"बाई," सर म्हणाले, "फाट्यावर जा. जव्हारसाठी जीप सांगून या."

मी पायरी उतरले. त्यांनी मागून पुन्हा हाक मारली. वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, रांगेकडे बघत होते.

"एकीत नाही मावायचे," ते म्हणाले. "दोन सांगा."